इंचबाई आणि चार बोटांचा फरक

शिवणाच्या बाईंना शाळेत कुणी नावाने हाक मारत नसे. पाठीमागे सगळे त्यांना इंचबाई म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं. "म्हणू देत. लोकांच्या तोंडाला काय टाका घालणार आहे मी?" असं म्हणून त्या सुईत दोरा ओवत बसत. गळ्यात मोजायची टेप कायम. पिवळी, मेणकापडाची, तीस वर्षांची. कडा झिजून मऊ झालेल्या, आकडे इतके पुसट की ते फक्त बाईंनाच वाचता यायचे.

मी रोज वही लिहिते. पहाटे देवासमोर बसून उठले की चहा उकळेपर्यंत कालचा दिवस चार ओळींत लिहून टाकायचा, ही लग्नाआधीपासूनची सवय. भाजी काय आणली, कुणाला ताप आला, कुणावर उगीच रागावले आणि त्याबद्दल देवाकडे माफी मागितली, एवढंच त्या वह्यांत असतं. पण गेल्या दीड वर्षाच्या दोन वह्यांत पानोपानी इंचबाई आहेत. त्या वह्या समोर ठेवूनच हे लिहिते आहे, म्हणजे पदरचं काही घुसायला नको.

बाईंचे वडील शिंपी. दुकान एका खोलीचं, हात सोन्याचा, आणि वेळेच्या नावाने शंख. गिऱ्हाईकाचा समारंभ दहाला असला तर पावणेदहाला हे कोटाचं शेवटचं बटण लावणार. मग आठ-नऊ वर्षांच्या या पोरीने हँगरला लावलेला कोट एका हातात उंच धरायचा आणि गल्ल्या ओलांडत पळत सुटायचं. कोटाला सुरकुती पडता कामा नये, म्हणून खांदे हलवायचे नाहीत. पळायचं ते फक्त पायांनी. "मला वरून बघितलं तर मुलगी उभी आहे असं वाटायचं, आणि खालून बघितलं तर वारा," असं त्या सांगायच्या.

चौदा वर्षांची झाल्यावर वडील म्हणाले, आता मोठी झालीस, रस्त्यावरून पळणं बरं दिसत नाही. तिला मशीनवर बसवलं. पायमशीन. "मग काय, पाय तेच. त्यानंतर चाळीस वर्षं पळतेच आहे, पण जागच्या जागी." हे सांगताना त्या हसायच्या. मला हसू आलं नाही. त्या दिवशी माझ्या वहीत दुसरं काहीच लिहिलेलं नाही.

मुलींना पळवायचं त्यांच्या डोक्यात आलं ते गणवेशाच्या मापांमुळे. दर वर्षी शाळा सुरू झाली की सगळ्या मुलींची मापं घेऊन त्या एका जाड रजिस्टरात लिहितात: उंची, छाती, कंबर, खांदा. एका वर्षी त्यांच्या लक्षात आलं की सातवीतून आठवीत गेलेल्या मुलींची उंची वाढली, कंबर वाढली, आणि खांदा अर्ध्या इंचाने कमी झाला. बाई चक्रावल्या. "हाडं काय धुतल्यावर आटतात?" त्यांनी मागची अकरा रजिस्टरं काढली. सगळीकडे तेच. तेरा वर्षांची झाली की मुलगी आटते.

मग त्यांनी नीट पाहिलं. टेप खांद्याला लावली की मुलीची नजर जमिनीला जायची, पाठ पुढे वाकायची आणि दोन्ही खांदे आत यायचे, कासवाने मान आत घ्यावी तसे. "ताठ उभी राहा गं," म्हटलं की क्षणभर ताठ, मग पुन्हा तसंच.

बाई थेट हेडसरांकडे गेल्या. "सर, मला सकाळी सहा ते सात मैदान हवं. मुलींना पळवायचंय."

"शिवणाच्या बाईंनी?" हेडसरांना वाटलं थट्टा आहे. "शिवणाचा आणि पळण्याचा काय संबंध?"

"खांदे उघडल्याशिवाय माप खरं येत नाही. खोट्या मापाचा गणवेश मी शिवणार नाही. मग तुम्हीच शिवा."

शाळेतल्या दोनशे मुलींचे गणवेश त्या शिवणवर्गाकडून शिवून घेत. हेडसर हो म्हणाले. फक्त मैदानावर रोज एक जबाबदार पालक हजर हवा, अशी अट त्यांनी घातली. वाटलं असेल, इतक्या सकाळी येतंय कोण.

तिथे मी आले.

खरं तर मी मुलीला परत आणायला गेले होते. माझी धाकटी, घरात तिला आम्ही ठमी म्हणतो, अंगाने भरलेली. वर्गातल्या पोरांनी तिचं नाव गोणी ठेवलं होतं. ती वर्गात हात वर करत नसे. उत्तर येत असलं तरी नाही, कारण हात वर केला की सगळे बघतात. कुणी बघायला लागलं की ही आहे तिथून गुल होणार. कधी दाराआड, कधी माझ्या पाठीमागे. इंचबाईंनी तिचं नाव लिहून घेतलं, हे ऐकलं आणि मी तशीच शाळेकडे निघाले. पळताना तर सगळेच बघणार.

मैदानावर गेले तर वीसेक मुली पळत होत्या, आणि ठमी पाण्याच्या टाकीमागे उभी. मी हाताला धरून तिला नेणार, तेवढ्यात बाई आल्या. माझ्या हातातली जपमाळ बघून म्हणाल्या, "तुम्ही रोज जप करता?"

"हो, सकाळी."

"मग इथेच बसून करा. पुढच्या मुलींच्या फेऱ्या मी मोजते. मागच्यांच्या तुम्ही मोजा. एक फेरी, एक मणी. मागच्यांचंच मोजायचं हुकतं बघा, कारण त्या पुऱ्या करेपर्यंत सगळे उठून गेलेले असतात."

देवाची माळ, आणि पोरींच्या फेऱ्या! मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. पण शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी पहाटे मी देवालाच विचारलं. देव हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. मी माळ घेऊन मैदानावर गेले.

घरी सासूबाईंनी टोमणा मारलाच. "देवाची माळ मैदानावर, सून मैदानावर, नात मैदानावर. घरात उरलं कोण? मी आणि देव. तो बोलत नाही आणि मला ऐकू येत नाही."

समोरच्या काकू तर जिन्यातच अडवून म्हणाल्या, "अहो, पोरींचे पाय काय माळेवर मोजतात? पाप लागेल."

"काकू, ती माझी मुलगी मला देवानेच दिली. तिची फेरी मोजली तर तो रागावेल असं तुम्हाला वाटतं, मला नाही वाटत."

असं मी कुणाला कधी बोलले नव्हते. त्या दिवशी वहीत लिहिलं आहे, 'जीभ जरा सैल सुटली.' माफी मात्र मागितलेली दिसत नाही.

बाईंचं शिकवणं म्हणजे शिंपीकाम. मैदानाची फेरी त्यांनी स्वतः आखली. गळ्यातल्या टेपने मोजून दहा टेपांची एक दोरी केली, त्या दोरीने मैदान मापलं आणि अडीचशे मीटरची फेरी पांढऱ्या फक्कीने ओढली. सहा फेऱ्या म्हणजे पंधराशे मीटर. पळणाऱ्या मुलीला त्या ओरडायच्या, "हातात कोट आहे, कोट! सुरकुती पडली तर गिऱ्हाईक पैसे देणार नाही!" की सगळ्यांचे खांदे आपोआप मागे जायचे. चष्मा लावणाऱ्या एका मुलीचा चष्मा उडायचा, तर त्यांनी चड्डीचं इलॅस्टिक कापून ते चष्म्याला मागून लावून दिलं. इस्त्रीवाल्याची मुलगी सगळ्यांत पुढे. तिचं नाव पडलं सुसाट. तिच्या मागे तिची मावसबहीण, तिच्या मागे चष्मेवाली. आणि सगळ्यांत शेवटी, दोन फेऱ्या मागे, आमची ठमी.

पहिल्या महिन्यात ती दोन फेऱ्या झाल्या की टाकीमागे जायची. बाई तिला बोलवायला जात नसत. नुसतं माझ्याकडे बघून मोठ्याने विचारत, "किती मणी झाले?" मी सांगायची, "दोन." बाई म्हणायच्या, "मग चार शिल्लक. आम्ही बसलोय." आणि खरंच बसायच्या. पुढच्या मुली डबा खाऊन वर्गात जायच्या तरी आम्ही दोघी बाकावर. तिसऱ्या महिन्यात कधीतरी ठमीने सहा पूर्ण केल्या. त्या दिवशी घरी येऊन तिने बुटांसकट पलंगावर अंग टाकलं आणि सासूबाईंना म्हणाली, "आजी, पाणी दे." मागितलं! एरवी ही मुलगी तहानेने मरेल, पण मागणार नाही.

असं वर्ष गेलं. आणि मग शाळेसमोरचा रस्ता रुंद करायला घेतला. शिक्षकांच्या गाड्या लावायची जागा गेली. हेडसरांनी बाईंना बोलावलं.

"बाई, पोरींनी पळून पळून काय मिळवलं? एक कप नाही, एक प्रमाणपत्र नाही. सकाळी गाड्या मैदानात लागतील."

"खांदे उघडले, सर. रजिस्टर दाखवते."

"खांदे कपाटात लावता येत नाहीत." हेडसर स्वतःच्या विनोदावर हसले. मग जरा वरमून म्हणाले, "हे बघा, शहराच्या शालेय स्पर्धेला तीन मुली लागतात. पंधराशे मीटर, साडेसहा मिनिटांच्या आत. बुधवारी पीटीचे सर वेळ घेतील. तिघी बसल्या तर मैदान तुमचं. नाही बसल्या तर सोमवारपासून गाड्या."

बुधवारी चाचणी झाली. पीटीच्या सरांच्या गळ्यात कायम शिट्टी असते, म्हणून मुली त्यांना शिट्टीसर म्हणतात. माणूस भला. बाईंनी आखलेल्या फेरीवरच त्यांनी वेळ घेतली. नव्याने कोण मोजतंय? सुसाट सहा मिनिटं एकतीस सेकंदांत आली. मावसबहीण सहा चाळीस. चष्मेवाली सहा अठ्ठेचाळीस.

सुसाट फक्कीच्या रेघेवर मांडी घालून बसली आणि बुटाची नाडी सोडू-बांधू लागली. शिट्टीसरांनी इकडे-तिकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "बाई, मी तिघींच्या पुढे सहा अठ्ठावीस लिहितो. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," बाई म्हणाल्या. "कात्री चुकली तर कापड जातं, सर. खोटं लिहिलं तर या पोरी जातील. खोट्या मापावर पुढे जाता येतं हे एकदा शिकल्या, की मग ताठ कशाला उभ्या राहतील? लिहा जे आहे ते."

त्यांनी लिहिलं. हेडसरांनी सही केली. संध्याकाळपर्यंत सूचना लागली, सोमवारपासून मैदान वाहनांसाठी. ठमी घरी आली आणि जेवली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आता मी कुठे शेवटची येऊ?" टाकीमागची जागा मला डोळ्यांसमोर दिसायला लागली.

आता गंमत बघा. स्पर्धेला जायचंच, या भरवशावर बाईंनी चाचणीच्या आधीच तिघी स्पर्धेच्या आणि तिघी राखीव, अशा सहा मुलींच्या नवीन पँटी शिवायला घेतल्या होत्या. तीन त्यांनी शिवल्या, तीन मला दिल्या. मापं एका कागदावर लिहून दिली. मी घरच्या मशीनवर, माझ्या टेपने, कागदाबरहुकूम कापड कापून शिवल्या. गुरुवारी मुलींना घालून पाहिल्या. बाईंच्या तिन्ही अगदी अंगासरशा. माझ्या तिन्ही इतक्या घट्ट, की सुसाटचं बटण काजात जाईना.

"ठमीच्या आई," बाई म्हणाल्या, "तुमच्या हाताला इंच नाही हो. सव्वा इंच कमी! देवाचं नाव घेत कापलंत की डोळे मिटून?"

आधीच मैदान गेलेलं, त्यात हे. मुली खुदकन हसल्या. बिचाऱ्यांना दोन दिवसांत तेवढंच हसू. मी पँटी पिशवीत कोंबल्या आणि घरी आले. रडले नाही, पण चिडले. शिवणात मी बाईंची बरोबरी नाही करत, पण पंचवीस इंच म्हणजे पंचवीस इंच, एवढं मला कळतं. पँटी पुन्हा मोजल्या. कागदावर पंचवीस, माझ्या पँटीला पंचवीस. तीनही वेळा. मग हा सव्वा इंच गेला कुठे?

शुक्रवारी मी माझी टेप घेऊन शिवणाच्या खोलीत गेले. "बाई, तुमची टेप द्या जरा."

"तीस वर्षांत कुणाला दिली नाही."

"मीही तीस वर्षांत कुणाला मागितली नाही."

त्यांनी गळ्यातून काढून दिली. कापड कापायच्या लांब टेबलावर मी दोन्ही टेपा शेजारी शेजारी पसरल्या. सुरुवातीचं टोक टोकाला लावलं. दहा इंचांवर फरक अर्ध्या इंचाचा. तीसवर दीड. पलीकडच्या टोकाशी माझी टेप संपली, आणि बाईंची तिच्या पुढे चार बोटं लोंबत राहिली.

तीस वर्षं रोज ताणून ताणून टेप लांबली होती.

बाईंनी तो लोंबता तुकडा चिमटीत धरून पाहिला. हळू आवाजात म्हणाल्या, "अंग हिनेच मोजलं, कापडही हिनेच मोजलं. दोन्हीकडे सारखंच चुकलं, म्हणून कधी कळलं नाही. कपडा बसतच गेला." मग एकदम त्यांनी माझं मनगट धरलं. "ठमीच्या आई, मैदानपण हिनेच मोजलंय!"

खडूने टेबलावरच हिशेब मांडला. टेप दीड मीटरची, लांबली साडेसात सेंटिमीटर. दहा टेपांच्या दोरीत पाऊण मीटर. एका फेरीत साडेबारा मीटर. सहा फेऱ्यांत पंचाहत्तर.

"पावणेसोळाशे मीटर पळत होत्या हो माझ्या पोरी," बाई म्हणाल्या. "आणि मी त्यांना हळू म्हणत होते."

शनिवारी आम्ही दोघी दोन टेपा घेऊन हेडसरांपुढे उभ्या. शिक्षकांच्या खोलीत पाच-सहा जण चहा पीत होते. बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की त्यांची स्वतःचीच टेप चुकीची आहे. ज्या बाईला शाळा इंचबाई म्हणते, तिने हे तोंडाने म्हणणं किती जड गेलं असेल, ते माझं मला माहीत. कोपऱ्यातून कुणीतरी "इंचबाईंचाच इंच खोटा!" असं म्हणालंच. बाईंनी तिकडे पाहिलंही नाही.

हेडसरांनी टेपा बघितल्या आणि बाजूला सारल्या. "नाचता येईना, अंगण वाकडं! आज टेप लांब होती, उद्या म्हणाल घड्याळ पुढे होतं."

"सर, इथे अंगणच वाकडं होतं," बाई म्हणाल्या. "आणि ते मी वाकडं केलं होतं. पोरींना नाचता येतंय."

"निकाल लागलाय. सही झालीय. सोमवारी गाड्या येणार."

"गाड्या साडेसहाला येतात," बाई म्हणाल्या. "आम्ही सहाला येतो." आणि नमस्कार करून बाहेर पडल्या. मी मागे.

रविवारी शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याकडून आम्ही लोखंडी टेप मागून आणली. टेपचं एक टोक बाईंनी धरलं, एक मी. तासाभराने शिट्टीसर आले. म्हणाले, सहज चाललो होतो. सहज चाललेल्या माणसाने दुपारपर्यंत फक्कीचं डबडं उचललं. जुन्या रेघेच्या आत नवी रेघ ओढली गेली. दोन्हींमधलं अंतर एका पावलाहून जास्त. ठमी मधोमध उभी राहून म्हणाली, "आई, मी रोज एवढं जास्त पळत होते?"

"हो गं बाई."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"कुणाला माहीतच नव्हतं."

"मला माहीत होतं," ठमी म्हणाली. "दम मला लागत होता ना."

सोमवारी सहाला सगळ्या मुली हजर. बाईंनी मैदानाचं फाटक लावलं. कडी गाड्यांसाठी आदल्याच दिवशी काढून टाकलेली. बाईंनी पिशवीतून ती दहा टेपांची दोरी काढली आणि फाटक बांधून टाकलं. "आता हिचा दुसरा काय उपयोग?" गाठ शिंप्याची. सुटत नाही, कापावी लागते.

अंग मोकळं करून मुली तयार होईपर्यंत साडेसहा होत आले. शिट्टीसरांनी घड्याळ हातात घेतलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शिट्टी वाजली. वीस मुली निघाल्या. मी बाकावर बसले, माळ हातात घेतली आणि डोळे उघडे ठेवले.

तिसऱ्या फेरीला पहिली गाडी फाटकाशी आली. मग दुसरी. हॉर्न सुरू झाले. हेडसर स्कूटरवरून आले, स्टँडवर लावली आणि गजांतून ओरडले, "बाई! फाटक उघडा!"

"सहा फेऱ्या ठरल्यात, सर."

सुसाट आली. शिट्टीसर ओरडले, "सहा अकरा!" मावसबहीण. "सहा एकवीस!" चष्मेवाली चष्मा एका हाताने दाबून धरत आली आणि रेघेपलीकडे जाऊन पडली. "सहा एकोणतीस! सर, सहा एकोणतीस! नवी रेघ मी स्वतः मोजलीय, लोखंडी टेपने!"

मुलींनी जो आरडाओरडा केला त्यात हॉर्नसुद्धा बुडाले. हेडसर गजाला धरून उभे होते. त्यांनी शिट्टीसरांकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं. "बरं. झालं ना तुमचं? तिघी बसल्या. आता उघडा."

"अजून झालं नाही."

बाकीच्याही एकेक करून आल्या, तरी मैदानावर अजून एक मुलगी पळत होती. माझ्या बोटाखाली चौथा मणी होता. फाटकाबाहेर पाच गाड्या, सहा शिक्षक, आणि कामावर निघालेली चार माणसं थांबून बघत होती. सगळ्या जगाची नजर एकट्या ठमीवर. आणि वाटेत पाण्याची टाकी.

"ती कशाला?" हेडसर म्हणाले. "ती तिघींत नाही. तिला सांगा, थांब म्हणावं."

"पहिल्या तिघी कुठेही पळतील, सर," बाई म्हणाल्या. "मैदान मी हिच्यासाठी मागितलंय."

हेडसर माझ्याकडे वळले. "निदान तुम्ही तरी! तुम्ही देवाधर्माच्या बाई. तुमची मुलगी आहे ना? बोलवा तिला. किती हसं होतंय तिचं."

"सर, मोजणी चालू असताना मी बोलत नाही," मी म्हटलं.

ठमी टाकीजवळ आली. तिचा चेहरा लाल, केस तोंडावर, पाय जड. तिने टाकीकडे पाहिलं. मग फाटकाकडे पाहिलं, तिथल्या एकूण एक तोंडाकडे. आणि बाईंचा आवाज आला, सगळ्या मैदानावर, "कोट आहे, ठमे, कोट!"

खांदे मागे गेले. ती टाकी ओलांडून पुढे आली. जोरात नाही. तिच्या नेहमीच्याच चालीने. बाहेर हॉर्न वाजत होते आणि ती घाई करायला तयार नव्हती. पाचवा मणी. मग मुलीच मोजायला लागल्या, पण मी मणी सोडला नाही. सहावा.

नऊ मिनिटं अठ्ठेचाळीस. शिट्टीसरांनी तेही रजिस्टरात लिहिलं.

बाईंनी कमरेची कात्री काढून फाटकाची दोरी कापली. हेडसर आत आले. काहीतरी मोठं बोलतील असं वाटलं, पण त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "उद्यापासून गाड्या सातनंतर. पण सात म्हणजे सात."

"सात म्हणजे सात," बाई म्हणाल्या. "माप पक्कं असलं की माझं भांडण नसतं."

त्या आठवड्यात बाईंनी नवीन टेप आणली आणि मैदानासाठी भिंतीवर टांगली. जुनी अजून गळ्यातच आहे. मी विचारलं तर म्हणाल्या, "अकरा वर्षांची मापं हिच्यात आहेत. जुनं माप जुन्याच टेपने पडताळायचं." मग ठमीला उभं करून खांदा मोजला, रजिस्टर उघडलं आणि बोट ठेवून मला दाखवलं. मागच्या वर्षीपेक्षा पाऊण इंच जास्त. "हाडं वाढत नाहीत एवढी," त्या म्हणाल्या. आणि रजिस्टर मिटलं.

मुली मात्र अजून बाहेरच्या, जुन्या रेघेवरूनच पळतात. सुसाट म्हणते, आतली रेघ स्पर्धेपुरती.

त्या सोमवारी दुपारी जिन्यात समोरच्या काकू भेटल्या. बातमी आमच्या आधी घरी पोचली होती. काकूंनी ठमीला गाठलं. "काय गं, ऐकलं शर्यत झाली. कितवी आलीस?"

मी मध्ये पडणार होते. ठमी एरवी माझ्या मागे गेली असती.

"शेवटची," ती म्हणाली. "माझ्यासाठी पाच गाड्या थांबवून ठेवल्या होत्या."